असुरक्षित गाडी ट्रॅकवर ठेवली तर शिक्षा कोणाला: ड्रायव्हरला की टीमला?

पाचपाखाडीकर (धागाकर्ता)

मंडळी, ठाण्याच्या आमच्या रेसिंग ग्रुपमध्ये परवा यावरून बरीच वादावादी झाली. व्हॉट्सअॅपवर अर्धवट वाक्यांत हा विषय मावत नाही, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

९ जून २०२४, माँट्रियल. आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झालेली फॉर्म्युला वनची शर्यत. रेड बुलच्या सर्जिओ पेरेझची गाडी फिरली, मागून भिंतीला लागली आणि रिअर विंगचा चुराडा झाला. गाडी चालत होती, पण तिच्यातून तुकडे गळत होते. त्याने ती तशीच पिटपर्यंत, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टीमच्या दुरुस्तीच्या जागेपर्यंत आणली. सुनावणीत टीमने स्वतःच सांगितलं, की सेफ्टी कार (ट्रॅकवर धोका असताना सगळ्यांना हळू, एका रांगेत चालवणारी गाडी) बाहेर येऊ नये म्हणून आम्हीच त्याला गाडी आत आणायला सांगितलं. त्या वेळी त्यांचाच मॅक्स व्हर्स्टॅपन पुढे होता आणि सेफ्टी कार आली की आघाडी पुसली जाते. निकाल असा: पेरेझला स्पेनच्या शर्यतीत ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, ३ जागा मागे जाण्याची शिक्षा आणि टीमला २५,००० युरो दंड. शर्यत व्हर्स्टॅपनने जिंकली, ते गुण टीमकडेच राहिले.

२५,००० युरो म्हणजे त्या वेळचे साधारण साडेबावीस लाख रुपये. आपल्यासाठी मोठी रक्कम, पण फॉर्म्युला वनच्या टीमला शर्यत जिंकण्याच्या बदल्यात ती कोणत्याही दिवशी परवडेल. हा दंड राहिलाच नाही, ही फी झाली. आणि ज्याने आदेश ऐकला, त्याला ग्रिडवर मागे टाकलं.

आता मागे जाऊ. जुलै २००९. ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला टू शर्यतीत दुसऱ्या गाडीचं सुटलेलं चाक डोक्याला लागून १८ वर्षांचा हेन्री सर्टीस गेला. त्याच्या पुढच्याच शनिवारी हंगेरीत पात्रता फेरीत बारिकेल्लोच्या ब्रॉन गाडीतून सुटलेली स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर आदळली. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, पोल पोझिशनवरून म्हणजे पहिल्या जागेवरून निघालेल्या फर्नांडो अलोन्सोला रेनॉने पिटमधून सोडलं, तेव्हा पुढचं चाक नीट बसलेलंच नव्हतं. अलोन्सोला वाटलं पंक्चर झालंय, तसं त्याने रेडिओवर सांगितलंही. पुढे चाक निखळून ट्रॅकवर उड्या मारत गेलं.

स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, त्या दिवशी काय म्हटलं ते महत्त्वाचं आहे. चाक सुटलं एवढाच आरोप नव्हता. चाकाचं लॉक बसलं नसल्याचं माहीत असताना गाडी सोडली, पिट लेनमधून बाहेर जाण्याआधी थांबवली नाही आणि ड्रायव्हर विचारत असतानाही त्याला सांगितलं नाही, असा तो आरोप होता. शिक्षा झाली पुढच्या एका शर्यतीची बंदी. ती शर्यत होती व्हॅलेन्सियाची, अलोन्सोच्या देशातली. १७ ऑगस्टला अपिलात बंदी गेली आणि तिच्या जागी ५०,००० डॉलर दंड व समज आली. चूक टीमने मान्य केली होती. आधीच्या प्रकरणांच्या मानाने शिक्षा फार जड आहे, हे म्हणणं ग्राह्य धरलं गेलं.

माझं म्हणणं असं, की स्टुअर्ड्सचा पहिला निर्णय बरोबर होता. चूक होणं वेगळं आणि कळल्यावर गप्प बसणं वेगळं. हास टीमचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये मेलबर्नला त्यांच्या दोन्ही गाड्या चौथ्या-पाचव्या जागी असताना एकामागोमाग दोन पिट स्टॉपमध्ये चाकाचे नट नीट बसले नाहीत. टीमने दोन्ही ड्रायव्हर्सना गाड्या बाजूला लावायला सांगितल्या, हातातोंडाशी आलेले गुण सोडले. त्यांना १०,००० युरो दंड झाला, तेवढा पुरे. पण ज्या टीमला माहीत होतं आणि तरीही गाडी चालू ठेवली, तिला पैशाची शिक्षा नकोच. पुढच्या शर्यतीत ती गाडी नको, किंवा त्या शर्यतीतले टीमचे सगळे गुण जप्त. ड्रायव्हरला हात लावू नका.

तुमची मतं लिहा.

वाशी_सेक्टर१७

चांगला धागा. टीमला जबर शिक्षा हवी, इथपर्यंत सहमत. ड्रायव्हरला पूर्ण सोडायचं हे पटत नाही. स्टिअरिंग त्याच्या हातात असतं. मागचं विंग गेलंय हे पेरेझला पाठीला डोळे नसतानाही कळलं असणार, गाडीची मागची पकडच जाते. नियम सांगतो, की गाडीत गंभीर बिघाड असेल तर ड्रायव्हरने सुरक्षित जागा दिसताच ट्रॅक सोडायचा. टीमने सांगितलं म्हणून त्याची जबाबदारी कशी संपते?

पाचपाखाडीकर

संपत नाही, मान्य. पण दोघांचं वजन सारखं धरू नका. ड्रायव्हरला दिसतं ते पुढचं आणि आरशातलं थोडंसं. टीमकडे शेकडो सेन्सर, सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं आणि ती बघायला बसलेली माणसं असतात. शिवाय त्या सीटवर पुढच्या वर्षी बसायचं की नाही, हेही तीच माणसं ठरवतात.

ड्रायव्हर योखेन रिंटने १९६९ मध्ये त्याच्या लोटस टीमचा प्रमुख कॉलिन चॅपमनला पत्र लिहिलं होतं. लोटस इतकी वेगवान आहे, की नाजूक भाग थोडे जाड केले आणि काही किलो वजन वाढलं तरी चालेल, अशी विनवणी त्यात होती. ५ सप्टेंबर १९७० ला मोंझाच्या सरावात त्याच्या गाडीचा पुढचा ब्रेक शाफ्ट तुटला आणि तो गेला. त्या वर्षीचं विजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. इतका मोठा ड्रायव्हर लेखी सांगूनही फार काही करू शकला नाही. नवख्याचं कोण ऐकणार?

ऐरोलीचा_मार्शल

मी ट्रॅकवर मार्शल, म्हणजे झेंडे दाखवणारा आणि अपघातात मदतीला धावणारा माणूस, म्हणून काम करतो, बुद्ध सर्किटलाही फॉर्म्युला वनच्या वेळी उभा होतो. या चर्चेत टीम आणि ड्रायव्हर यांच्यापलीकडे तिसरा माणूस आहे, तो कोणी धरतच नाही म्हणून लिहितोय.

आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, की ट्रॅककडे पाठ करायची नाही. झेंडा दाखवत असाल, झाडू मारत असाल, जखमी ड्रायव्हरला बाहेर काढत असाल, तरी एक जण येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभा. कारण सुटलेलं चाक गाडीसारखं वागत नाही. ते कुठे टप्पा घेईल आणि कुठे वळेल सांगता येत नाही. २००० मध्ये मोंझाला आणि लगेच २००१ मध्ये मेलबर्नला अपघातात सुटलेल्या चाकांनी एकेका मार्शलचा जीव घेतला. ते दोघेही स्वयंसेवक होते. तोवर चाकांना टेदर, म्हणजे सस्पेन्शनला धरून ठेवणारे दोर आलेले होते, तरी ते झालं. पुढे प्रत्येक चाकाला दोन दोर सक्तीचे केले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. टेदर अपघातात उपयोगी पडतो. सस्पेन्शन तुटलं तर चाक, ते ज्यावर बसतं तो हब आणि हबला धरणारा अपराइट हा सगळा गोळा तो धरून ठेवतो. पण नटच बसला नसेल तर चाक हबवरून सुटून येतं, तिथे टेदरचा काही संबंधच नाही. म्हणजे पिटमध्ये केलेल्या चुकीवर ट्रॅकवर दुसरं संरक्षण जवळजवळ नाही. असेल तर नटाच्या पुढचं ते छोटं लॉक, जे रेनॉच्या गाडीवर बसलं नव्हतं.

२०१३ मध्ये न्यूरबर्गरिंगला मार्क वेबरच्या रेड बुलचं मागचं चाक पिट लेनमध्येच सुटलं आणि पाठमोऱ्या उभ्या असलेल्या एका कॅमेरामनला लागलं. त्याचं गळ्याजवळचं हाड आणि बरगड्या मोडल्या. टीमला ३०,००० युरो दंड. त्यानंतर पिट लेनमध्ये कोणी उभं राहायचं यावर निर्बंध आले, हेल्मेट सक्तीची झाली. म्हणजे चाक लागू नये म्हणून माणसं हलवली. बरोबरच होतं, पण चाक सोडणाऱ्याला काय लागलं?

ड्रायव्हर करारावर सही करतो, धोका पत्करतो, त्याचे पैसे घेतो. आम्ही बहुतेक जण रजा टाकून, घरून डबा घेऊन जातो. टीमने शर्यतीचा हिशेब करून तुटकी गाडी आमच्या पोस्टसमोरून न्यायची हे ठरवलं, तर त्यांनी आमच्या वतीने धोका पत्करला. तो अधिकार त्यांना कोणी दिला? धागाकर्त्यांना पूर्ण अनुमोदन.

खारेगाव_टोलनाका

मार्शलसाहेब, हा प्रतिसाद ग्रुपमध्ये टाकतो. तुमच्या बाजूने कोणी विचारच केला नव्हता.

रबाळे_टर्नर

एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, लेथ आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन). रेसिंग मुलामुळे बघायला लागलो. मला भीती वेगळी वाटते. टीमला शिक्षा म्हणताना ती शेवटी कोणाच्या अंगावर येते?

अमेरिकेत नॅसकारमध्ये चाक सुटलं की माणसं निलंबित करायचे. २०२२ पर्यंत क्रू चीफ (गाडीवर काम करणाऱ्यांचा प्रमुख) आणि दोन क्रू मेंबर ४ शर्यतींसाठी बाहेर. २०२३ मध्ये ते बदललं: क्रू चीफ सुटला, दोन क्रू मेंबर २ शर्यतींसाठी बाहेर. म्हणजे शिक्षा हलकी करताना वरचा माणूस वगळला आणि हाताने काम करणारे तेवढे राहिले. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. ड्रॉइंग चुकीचं, घाई वरून, आणि जॉब रिजेक्ट झाला की मशीनवरच्या पोराचा पगार कापायचा.

चाक बदलणं काय असतं ते बघा. फॉर्म्युला वनच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट. मॅक्लारेनने २०२३ मध्ये कतारला चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. एवढ्या वेळात नट एक-दोन अंश जरी तिरका चढला तरी आटे एकमेकांवर चढतात. नट आवळणारी गन फिरायची थांबते, हाताला वाटतं आवळला. मोकळ्या वेळात लेथवरचा जुना माणूस हाताच्या जाणिवेवरून सांगेल, की हा आटा खातोय. दीड सेकंदात, गोंगाटात, हातमोज्यात कोणाला कळणार?

आणि बहारीन २०१८. फेरारीने किमी रायकोननला सोडलं तेव्हा मागचं डावं चाक निघालेलंही नव्हतं. समोर उभ्या मेकॅनिकचा पाय मोडला. फेरारीने सांगितलं, की सिग्नलच्या यंत्रणेने ते चाक राहिलंय हे ओळखलं नाही आणि हिरवा दिवा लागला. इथे निलंबित कोणाला करणार? दिव्याला? ५०,००० युरो दंड टीमला झाला, ते योग्यच. पण ती यंत्रणा तशी चालू द्यायला ज्याने परवानगी दिली, त्याचं नाव कधी बाहेर येत नाही. म्हणून म्हणतो, शिक्षा टीमला करा, पण गन धरणाऱ्याला नको. सही ज्याची, जबाबदारी त्याची.

नेरूळची_ऋचा

टर्नर काका, अगदी बरोबर. मी इंजिनीअरिंगला असताना आमच्या कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये होते, ब्रेक आणि स्टिअरिंग माझ्याकडे. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर फॉर्म्युला भारतला जायचो. तिथली तपासणी बघितली की हा विषय फार लवकर समजतो.

गाडी ६० अंशांत तिरकी करतात, चाक उचललं किंवा थेंबभर तेल गळलं तरी नापास. ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं लॉक व्हायला हवीत. ड्रायव्हरने पूर्ण पोशाखात पट्टे सोडून ५ सेकंदांत बाहेर यायचं. पण सगळ्यात जास्त टीम कशावर अडकतात सांगू? नट-बोल्टवर. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन या प्रत्येक महत्त्वाच्या जोडणीवर लॉक नट हवा आणि नटाच्या बाहेर बोल्टचे किमान दोन पूर्ण आटे दिसले पाहिजेत. कारण नायलॉनची रिंग नटाच्या टोकाला असते. बोल्ट तिथपर्यंत पोचलाच नाही, तर ती रिंग धरणार कशाला? वरून नट आवळलेला दिसतो, पण लॉक झालेलाच नसतो.

एका वर्षी आमच्या टाय रॉडच्या (स्टिअरिंग चाकाला जोडणारा दांडा) बोल्टचा बाहेर जेमतेम एक आटा दिसत होता. निघायच्या आदल्या रात्री. योग्य लांबीचा, त्या ग्रेडचा बोल्ट हाताशी नव्हता. एक सीनियर म्हणाला, तो खालच्या बाजूला आहे, इन्स्पेक्टरला दिसणार नाही. तेव्हा आमचा कॅप्टन त्याला एवढंच म्हणाला, की मग उद्या गाडीत तू बस. सकाळी दोघं जण तुर्भ्याला जाऊन बोल्ट घेऊन आले, मगच ट्रेलर निघाला. आणि तपासणीत त्या इन्स्पेक्टरने पहिल्यांदा बघितलं ते तेच, आडवं झोपून, टॉर्च आणि छोटा आरसा लावून.

आमच्याकडे नंतर पद्धत पडली. ज्याने आवळला त्याने नट-बोल्टवर पिवळी रेघ ओढायची आणि कागदावर सही करायची, दुसऱ्याने तपासून खाली सही. रेघ तुटलेली दिसली, की कोणीही, अगदी पहिल्या वर्षाच्या मुलीनेही गाडी थांबवायची. तिला उलट विचारायचं नाही. शिक्षेचं म्हणाल, तर तिथे ड्रायव्हरला वेगळी शिक्षा नसतेच. शर्यतीत गाडीतून काही लोंबताना दिसलं की गाडी आत आणायचा झेंडा मिळतो, नुकसान सगळ्या टीमचं.

अॅड_नौपाडा

मोटार अपघात दाव्यांची वकिली करते, त्या बाजूने दोन मुद्दे.

धागाकर्त्यांनी 'माहीत असूनही' ही रेघ ओढली आहे. ती अपुरी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० पाहा. रेस ट्रॅकला ते लागू करा असं मी म्हणत नाही, ते सार्वजनिक जागेसाठी आहे, पण त्यातली मांडणी उपयोगी आहे. धोकादायक दोष असलेली गाडी जो चालवतो, आणि जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो, ते सगळे त्यात येतात. आणि दोष माहीत असला पाहिजे, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढं पुरतं. हा दुसरा भाग सोडला, तर प्रत्येक टीम म्हणेल आम्हाला कळलंच नाही. न बघणाऱ्याला बक्षीस मिळेल.

दुसरा मुद्दा, हे न्यायालयावर सोडू नका. आयर्टन सेना १ मे १९९४ ला इमोलाला गेला. इटलीत खटला चालला. अखेर २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने म्हटलं, की स्टिअरिंग कॉलम तुटल्याने अपघात झाला, त्यात केलेला बदल सदोष होता आणि देखरेखीची जबाबदारी विल्यम्सचे तांत्रिक प्रमुख पॅट्रिक हेड यांची होती. पण मुदत संपलेली असल्याने शिक्षा नाही. अपघाताच्या कारणाबद्दल आजही जाणकारांत मतभेद आहेत. १३ वर्षांनी लागलेल्या निकालाने पुढच्या शर्यतीतला एकही नट घट्ट होत नाही. खेळाची शिस्त त्याच आठवड्यात लागली पाहिजे.

वाशी_सेक्टर१७

वकील मॅडम, पण घाईच्या शिक्षेत घोळ होतात. ऑस्टिन २०२२ आठवा. अलोन्सोची अल्पीन स्ट्रोलच्या गाडीवर चढून खाली आली, त्यात उजवा आरसा खिळखिळा झाला. तो फडफडत राहिला आणि शेवटी पडला. त्याच मोसमात हासच्या मॅग्नुसनला पुढच्या विंगच्या लोंबत्या टोकासाठी तीनदा नारिंगी गोळ्याचा काळा झेंडा, म्हणजे दुरुस्तीसाठी आत या असा इशारा, मिळाला होता. अलोन्सोला मिळाला नाही. हासने तक्रार केली, अलोन्सोला ३० सेकंदांची शिक्षा झाली आणि तो सातव्यावरून पंधराव्यावर गेला. मग कळलं, की तक्रार मुदतीनंतर २४ मिनिटांनी दाखल झाली होती. चार दिवसांनी सातवी जागा परत. त्यात आरसा सुरक्षित होता का, हा प्रश्न कुठल्या कुठे गेला. तुम्ही म्हणता तशी बंदीची शिक्षा ठेवलीत, तर प्रतिस्पर्धी टीम दुर्बिणी घेऊन बसतील.

पाचपाखाडीकर

बसू देत. प्रतिस्पर्ध्याची नजर ही फुकटची तपासणी आहे. पण ऑस्टिनचा मुद्दा खरा आहे. मूळ घोळ झेंडा दाखवला नाही हा होता. शर्यत चालू असताना रेस कंट्रोलने गाडी आत बोलावली असती, तर नंतरच्या कागदी लढाईची गरजच नव्हती. मुदतीमुळे सुरक्षिततेची तक्रार बाद होणं मला चुकीचं वाटतं. गुणांच्या तक्रारीला मुदत ठेवा, याला नको.

वकील मॅडमचा मुद्दा स्वीकारतो, माझ्या मांडणीत तो हवाच. 'कळलं असतं पण बघितलं नाही' हेही टीमच्या खात्यात. आणि रेडिओ रेकॉर्ड होतो, पिटमध्ये कॅमेरे असतात, टेलिमेट्री (गाडीतून टीमला येणारी सेन्सरची माहिती) असते. टीमला काय कधी कळलं, हे शोधणं या खेळात जितकं सोपं आहे तितकं रस्त्यावर कधीच नसतं.

कळव्याचे_आजोबा

मी १९९९ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीची आठवण करून देतो. मर्सिडीजची सीएलआर. गुरुवारी मार्क वेबरची गाडी हवेत उडाली. शनिवारी सकाळी सरावात त्याचीच गाडी पुन्हा उलटली. टीमने उरलेल्या दोन गाड्यांच्या नाकाला छोटी पाती लावली आणि शर्यतीत उतरवल्या. संध्याकाळी पीटर डम्ब्रेकची गाडी उडून कठड्यापलीकडे झाडांत गेली. तो वाचला हे नशीब. मग मर्सिडीजने शेवटची गाडी मागे घेतली.

दोन वेळा उडाल्यावर आणखी कोणता पुरावा हवा होता? नियमांत धोकादायक बांधणीची गाडी बाद करण्याचा अधिकार असतो. तो वापरायचं धाडस आयोजकांनी करायला हवं होतं. टीमवर सगळं टाकून आयोजकांना सोडू नका.

ऐरोलीचा_मार्शल

आजोबा, अनुमोदन. २००५ ची इंडियानापोलिस त्याच्या उलट. सरावात राल्फ शूमाखरचा टायर गेला, मिशेलिनने तेरावं वळण आमच्या टायरना झेपणार नाही म्हणून सांगितलं आणि १४ गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर, म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच्या फेरीनंतर, पिटमध्ये परत आल्या. सहाच गाड्या धावल्या. प्रेक्षक संतापले, मिशेलिनने तिकिटांचे पैसे परत दिले. त्या टीमना योग्य टायर आणले नाहीत म्हणून आधी दोषी ठरवलं, पुढच्या महिन्यात तो ठपका काढला. काढला ते बरं झालं. तो राहिला असता, तर पुढच्या वेळी कोणी गाडी आत आणली नसती.

नेरूळची_ऋचा

एक प्रश्न राहिला. पुढच्या शर्यतीची बंदी फॉर्म्युला वनला ठीक, तिथे मोसमात वीसहून जास्त शर्यती असतात. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत फेऱ्या मोजक्या, टीम छोट्या. घरचे पैसे घालून गाडी उतरवणाऱ्याची एक फेरी गेली तर वर्ष गेलं. तिथे मला वाटतं बंदीऐवजी त्या दिवसाचे गुण काढावेत आणि पुढच्या फेरीला ती गाडी सगळ्यात आधी, पूर्ण खोलून तपासावी. खर्च टीमचा.

रबाळे_टर्नर

ऋचाताई, हे चालेल. फक्त खोलताना सही केलेला माणूस समोर उभा पाहिजे, मेकॅनिकला एकटं पाठवायचं नाही.

पाचपाखाडीकर

दोन्ही घेतो. पुढच्या आठवड्यात सगळं एकत्र करून शिक्षेच्या नियमाचा मसुदा इथेच टाकतो. मार्शलसाहेब, देशातल्या शर्यतींत झेंड्यासाठी पोस्टवरून कंट्रोलला कळवायची पद्धत कशी असते, ते तेवढं लिहाल का? बिघडलेली गाडी टीमच्या आधी बहुतेक वेळा तुम्हालाच दिसते, आणि त्या कळवण्याला निकालात किती वजन द्यायचं हे मसुद्यात यायला हवं.